घरातल्या राउटरची कामे क्लाउडवर नेताना

बेळगाव शहर, खानापूरचा घाटमाथ्याकडचा भाग, निपाणी आणि चिकोडी येथे केबल टीव्हीचे जाळे चालवणारे अनेक जण आता घरोघरी फायबर पोहोचवत आहेत. ग्राहक वाढले की तक्रारी वाढतात, आणि त्यांतील बऱ्याच तक्रारींचे मूळ फायबरमध्ये नसते, घरात बसवलेल्या राउटरमध्ये असते. कोणी चुकून रिसेटचे बटण दाबलेले असते, कोणाचा पासवर्ड हरवलेला असतो, कोणाच्या दुकानातला कॅमेरा बाहेरगावाहून दिसेनासा झालेला असतो. अशा प्रत्येक कामासाठी माणसाला गाडी काढून जांबोटी-कणकुंबीपर्यंत जावे लागते. म्हणून राउटर आज घरात जी कामे करतो, त्यांतील काही आपल्या सर्व्हरवर, म्हणजे क्लाउडवर, आणावीत, हा विचार लहान सेवादात्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी आणि त्यांच्या तंत्रज्ञांसाठी लिहिले आहे. ज्यांच्या घरी हा बदल होणार आहे, त्यांनाही आपल्या केबलवाल्याला नेमके काय विचारावे हे त्यातून कळेल.

ही कल्पना नवी नाही. दूरसंचार कंपन्यांनी खास यंत्रांची कामे साध्या सर्व्हरवरील सॉफ्टवेअरकडे सोपवावीत, यासाठी युरोपातील एटसी या मानक संस्थेत २०१२ साली एक गट स्थापन झाला आणि त्याने मांडलेल्या उपयोगांत घरातील उपकरणांचाही समावेश होता. पुढे ब्रॉडबँड फोरमने २०१६ मध्ये टीआर-३१७ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यातील रचना थोडक्यात अशी आहे : घरात राहणारा डबा केवळ ब्रिजचे काम करतो, म्हणजे तारेवरून आणि वायफायवरून आलेली माहितीची पाकिटे पुढे सरकवतो. पत्ते वाटणे, खाजगी पत्त्यांचे सार्वजनिक पत्त्यांत रूपांतर करणे, नको ती वाहतूक अडवणारी फायरवॉल, मुलांसाठीची बंधने ही कामे सेवादात्याच्या सर्व्हरवरचा एक आभासी गेटवे, म्हणजे सॉफ्टवेअरच्या रूपातला राउटर, करतो. प्रत्येक घराला स्वतःचा असा एक आभासी गेटवे असतो आणि घर व तो गेटवे यांच्यात एक स्वतंत्र वाट असते.

कोणते काम न्यावे आणि कोणते घरी ठेवावे

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. कोणतेही काम क्लाउडवर नेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : जुलैच्या पावसात झाड पडून फायबर तुटले, तर या घरात काय चालू राहिले पाहिजे? खानापूरच्या जंगलपट्ट्यात तुटलेला जोड शोधून स्प्लायसिंग, म्हणजे तंतू पुन्हा सांधण्याचे काम, करायला कधी कधी दोन दिवस लागतात. त्या दोन दिवसांत इंटरनेट नसणे लोक समजून घेतात. परंतु झेरॉक्सच्या दुकानातला प्रिंटर त्याच टेबलावरच्या संगणकाला दिसेनासा झाला, किंवा घरातल्या टीव्हीवर अंगणातला कॅमेरा दिसला नाही, तर ते समजून घेण्याचे त्यांना काहीच कारण नाही. या तारा तुटलेल्या नसतात. तेथे बंद पडते ती आपण केलेली मांडणी.

या प्रश्नाच्या कसोटीवर पत्त्यांचे रूपांतर, बाहेरून येणाऱ्या वाहतुकीची फायरवॉल, नावांचा शोध घेणारा डीएनएस सर्व्हर, मुलांसाठीची वेळेची बंधने आणि कॅमेऱ्यासाठी उघडायचे पोर्ट (बाहेरून आत येण्याची क्रमांकित दारे) ही कामे निर्धास्तपणे नेता येतात, कारण फायबर तुटल्यावर त्यांना तसाही अर्थ उरत नाही. वायफायचा रेडिओ अर्थातच घरातच राहणार, पण चॅनल कोणता वापरायचा याचा निर्णय सर्व्हरवरून घेणे फायद्याचे ठरते. शहापूर-वडगावच्या दाटीच्या गल्ल्यांत भिंतीला भिंत लागून घरे आहेत. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल १, ६ आणि ११ असे तीनच आहेत, आणि प्रत्येक राउटर आपापल्या घरापुरता विचार करून चॅनल निवडतो. सगळी गल्ली ज्याला एकत्र दिसते तोच शेजाऱ्याशेजाऱ्यांत योग्य वाटणी करू शकतो. खानापूरकडच्या जांभ्या दगडाच्या जाड भिंतींचा प्रश्न मात्र क्लाउडने सुटत नाही. तेथे दुसऱ्या खोलीत तारेने जोडलेला आणखी एक वायफायचा डबाच लागतो, आणि हे ग्राहकाला आधीच सांगावे.

पत्ते वाटण्याचे काम, म्हणजे डीएचसीपी, हे सर्वांत फसवे आहे. मानक रचनेत ते आभासी गेटवेकडे जाते. उपकरणाला मिळालेला पत्ता ठरावीक मुदतीचा असतो. नेहमीच्या मांडणीत मुदतीचा निम्मा काळ गेला की उपकरण ती वाढवून मागते आणि ८७.५ टक्के काळ गेल्यावर कोणत्याही सर्व्हरला साद घालू लागते. याचा अर्थ असा की मुदत २४ तासांची ठेवली, तर फायबर तुटण्याच्या क्षणी घरात चालू असलेल्या प्रत्येक उपकरणाच्या हाती निदान १२ तास उरलेले असतात, आणि दोन दिवसांचा खंड सोसायचा असेल तर मुदत चार दिवसांची हवी. बेळगाव शहरात एक दिवसाची मुदत पुरेल, जांबोटीच्या पुढे चार दिवसांची ठेवावी.

पण एवढ्याने भागत नाही. पाऊस फायबर तोडतो तेव्हा बहुधा वीजही जाते. वीज परत आल्यावर प्रिंटर आणि कॅमेऱ्याचे चित्रण साठवणारा डीव्हीआर नव्याने सुरू होतात, नव्याने पत्ता मागतात, आणि उत्तर न मिळाल्यास त्यांतील कित्येक यंत्रे जुना पत्ता सोडून १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतात. मग प्रिंटर एका आळीत आणि संगणक दुसऱ्या आळीत अशी अवस्था होते. आमच्या पहिल्याच प्रयोगात नेमके हेच झाले होते. दुकानदाराने फोनवर सांगितले की यंत्रे शेजारीशेजारी आहेत पण एकमेकांना ओळखत नाहीत, आणि बिघाडाचे त्याहून अचूक वर्णन मला करता आले नसते.

यावर उपाय असा की घरातल्या डब्यातच एक राखीव डीएचसीपी असावा आणि सर्व्हरशी संपर्क तुटल्यावरच त्याने काम सुरू करावे. त्याने दिलेल्या पत्त्याची मुदत दोन-तीन मिनिटांचीच असावी, म्हणजे फायबर जोडले गेल्यावर उपकरणे लवकर मूळ सर्व्हरकडे परततात. दोघांची पत्त्यांची जागाही वेगळी ठेवावी. आभासी गेटवेने १० ते १९९ हे क्रमांक वाटावेत आणि राखीव डीएचसीपीने २०० ते २५०, म्हणजे एकच पत्ता दोन यंत्रांना जाणार नाही. बाजारातल्या अनेक साध्या ओएनटींमध्ये, म्हणजे फायबर ज्यात येते त्या घरातल्या डब्यांत, ही सोय नसते, म्हणून माल घेण्यापूर्वीच विक्रेत्याकडून तसे लेखी घ्यावे. ती सोय मिळत नसेल तर डीएचसीपी घरातच ठेवावा, गेटवेचा पत्ता म्हणून सर्व्हरचा पत्ता द्यावा आणि घरातली डीएचसीपीची विचारणा वर जाणार नाही अशी गाळणी लावावी.

सर्व्हर कोठे ठेवावा

बेंगळुरू किंवा मुंबईतील मोठ्या डेटा सेंटरमध्ये जागा भाड्याने घेणे सोपे वाटते. फायबरमधून प्रकाशाला एक किलोमीटर जायला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ५०० किलोमीटरच्या जाण्यायेण्याला निदान ५ मिलिसेकंद, आणि प्रत्यक्षात मार्ग वाकडातिकडा असल्याने त्याहून अधिक. हा विलंब सोसता येईल. न सोसण्यासारखी गोष्ट वेगळी आहे : महामार्गाच्या कामात जेसीबीने लांब पल्ल्याची तार उखडली, तर बेळगावातल्या घरांचे इंटरनेट तर जाईलच, शिवाय त्यांचे गेटवेही जातील. सर्व्हर बेळगावातच असला तर निदान गावातल्या गावात घरे आणि दुकाने एकमेकांपर्यंत पोहोचू शकतात.

सर्व्हर दोन घ्यावेत आणि ते एकाच खोलीत ठेवू नयेत. एक टिळकवाडीत असेल तर दुसरा उद्यमबागेच्या बाजूला, हेस्कॉम या वीज कंपनीच्या वेगळ्या फीडरवर असावा. दोन्ही ठिकाणी बॅटरी आणि जनरेटर हवा. आजवर एका घराचा राउटर बंद पडला तर एकच घर अंधारात जात होते, आता एक सर्व्हर पडला तर अनेक गल्ल्या जातील. या बदलातला सर्वांत मोठा धोका हाच आहे आणि येथे केलेली काटकसर पहिल्याच पावसाळ्यात महागात पडते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. एखाद्या भागाची वीज परतली की शेकडो घरांतील डबे आणि फोन एकाच मिनिटात पत्ते मागू लागतात, म्हणून सर्व्हरची चाचणी शांत दुपारच्या भारावर न करता त्या एका मिनिटाच्या भारावर करावी.

निपाणीच्या चालकांसमोर एक वेगळा मोह असतो. तेथून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर आणि बेळगाव सुमारे ७५, त्यामुळे सर्व्हर कोल्हापुरात ठेवणे सोयीचे दिसते. आपली नाती, बाजार आणि रोजचे जाणेयेणे राज्यांची हद्द मानत नसले, तरी इंटरनेट सेवेचा परवाना ती मानतो. एकीकृत परवान्यात अ वर्ग संपूर्ण देशाचा, ब वर्ग एका दूरसंचार मंडळाचा आणि क वर्ग त्याहून लहान क्षेत्राचा असतो, आणि कर्नाटक व महाराष्ट्र ही दोन वेगळी मंडळे आहेत. आपला स्वतःचा, किंवा ज्याच्या हाताखाली आपण काम करतो त्या मूळ सेवादात्याचा, परवाना कोणत्या क्षेत्राचा आहे हे कागदावर पाहिल्याशिवाय सीमेपलीकडे एकही गेटवे ठेवू नये.

ओएलटी आणि ओएनटीची तयारी

ओएलटी म्हणजे अनेक घरांचे फायबर ज्यात एकत्र येते ते सेवादात्याकडचे यंत्र. या तयारीत बारकावे पुष्कळ आहेत आणि घाई करणारे येथेच अडतात. आधी प्रत्येक घरातील प्रकाशाची पातळी मोजावी. नेहमीच्या बी-प्लस वर्गाच्या जीपॉनमध्ये, म्हणजे घरोघरी फायबर नेण्याच्या प्रचलित पद्धतीत, ओएनटीला लागणाऱ्या किमान प्रकाशाची सीमा उणे २७ डीबीएम (प्रकाशाची शक्ती मोजण्याचे एकक) आहे. उणे २५ च्या खाली गेलेले जोड आधी दुरुस्त करावेत, नाहीतर जुन्या बिघाडाचे खापर नव्या मांडणीवर फुटते आणि खरे कारण शोधण्यात आठवडा जातो.

ओएनटी ब्रिज पद्धतीवर आणला की आतापर्यंत राउटरच्या मागे लपलेली घरातली सगळी उपकरणे ओएलटीला थेट दिसू लागतात. घरटी १० उपकरणे धरली तर २,००० घरांचे २०,००० मॅक पत्ते, म्हणजे यंत्रांचे ओळखक्रमांक, होतात. आपल्या ओएलटीचा तक्ता एवढे पत्ते मावेल इतका मोठा आहे का, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहावे. अनेक चालकांनी चोरटी जोडणी रोखण्यासाठी प्रत्येक ग्राहकामागे दोन किंवा चार मॅक पत्त्यांची मर्यादा घातलेली असते. ती न वाढवता बदल केला, तर घरातले पहिले चार फोन चालतात आणि पाचवा कोणत्याही उघड कारणाशिवाय अडकतो.

प्रत्येक घराला स्वतंत्र व्हीलॅन, म्हणजे पाकिटावरच्या टॅगच्या क्रमांकाने वेगळी केलेली वाट, द्यावा. एका टॅगमध्ये ४,०९४ क्रमांकच वापरता येतात, म्हणून मोठ्या जाळ्यात दुहेरी टॅग घ्यावा. दोन टॅगांचे मिळून ८ बाइट वाढतात आणि सर्व्हरपर्यंतचा मार्ग व्हीएक्सलॅनच्या बोगद्यातून, म्हणजे पाकिटावर आणखी एक वेष्टण चढवून, नेल्यास आणखी ५० बाइट वाढतात. वाटेतल्या प्रत्येक स्विचवर पाकिटाची कमाल लांबी निदान १,६०० बाइट करून घ्यावी. हे राहून गेले तर लहान संदेश जातात, मोठी पाने अर्धवट अडकतात, आणि ग्राहक फोनवर सांगतो की व्हॉट्सॲप चालते पण बँकेचे पान उघडत नाही.

घरातला पत्त्यांचा पट्टा जुनाच ठेवावा. प्रत्येक घराचा आभासी गेटवे स्वतंत्र असल्याने सगळ्या घरांत १९२.१६८.१ चा पट्टा असला तरी काही बिघडत नाही, आणि ज्या डीव्हीआरला किंवा प्रिंटरला कोणी हाताने पत्ता टाकून ठेवला आहे तो तसाच चालतो. मात्र ओएनटीचे स्वतःचे मांडणीचे पान बहुधा १९२.१६८.१.१ याच पत्त्यावर असते आणि आभासी गेटवेलाही तोच पत्ता दिलेला असतो. ओएनटीचा पत्ता आधी बदलला नाही तर दोघांची टक्कर होते आणि इंटरनेट थांबत थांबत चालते. शिवाय सगळे लॅन पोर्ट आणि वायफायची दोन्ही नावे त्याच ब्रिजला बांधली आहेत ना, हे पाहावे. एखादे नाव जुन्या मांडणीत राहिले तर खालच्या मजल्यावर सारे ठीक आणि वर काहीच नाही, असे घडते.

सार्वजनिक पत्ते, नोंदी आणि सुरक्षा

सध्या बऱ्याच घरांत पत्त्यांचे रूपांतर दोनदा होते, एकदा घरात आणि एकदा सेवादात्याकडे. ते एकदाच झाले की खेळ, व्हिडिओ कॉल आणि कॅमेरे यांच्या अडचणी कमी होतात. एका सार्वजनिक पत्त्यामागे ६५,५३६ पोर्ट असतात. त्यांतील पहिले १,०२४ सोडून उरलेले ६४ घरांत सारखे वाटले तर प्रत्येक घराला १,००८ येतात. अशी ठरलेली वाटणी केली की कोणत्या वेळी कोणता पोर्ट कोणाचा होता, हे प्रत्येक जोडणीची नोंद न ठेवताही सांगता येते. डिसेंबर २०२१ मधील परवाना दुरुस्तीनुसार वापराच्या नोंदी निदान दोन वर्षे ठेवायच्या असतात, आणि केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस भारतातच ठेवणे व घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवणे आवश्यक आहे. घड्याळ चुकलेल्या नोंदीमुळे भलत्याच घरावर संशय जाऊ शकतो, म्हणून हे काम कारकुनी समजू नये.

आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, देताना विशेष काळजी घ्यावी. त्यात प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो आणि रूपांतराचा आडोसा राहत नाही. म्हणून आतून न मागितलेली कोणतीही वाहतूक बाहेरून येऊ नये, हा नियम प्रत्येक आभासी गेटवेवर पहिल्या दिवसापासून असावा.

घरातील डब्यावर दूरून ताबा ठेवणारी सोय जगभर टीआर-०६९ या मानकाने चालते. नोव्हेंबर २०१६ मध्ये मिराई या घातक सॉफ्टवेअरच्या एका नव्या रूपाने याच सोयीच्या ७५४७ क्रमांकाच्या पोर्टवरून हल्ला केला आणि जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा कोलमडली. तो पोर्ट फक्त आपल्या सर्व्हरसाठी उघडा ठेवावा. प्रत्येक तंत्रज्ञाला स्वतःच्या नावाचा प्रवेश द्यावा, सगळ्यांनी मिळून वापरायचा एकच पासवर्ड ठेवू नये, आणि काम सोडून गेलेल्या माणसाचा प्रवेश त्याच दिवशी बंद करावा.

ग्राहकाची संमती

पूर्वी सेवादात्याला घराचा एकच राउटर दिसत असे. आता घरात किती फोन आहेत, कोणता रात्री कितीपर्यंत चालू होता, पाहुणे कधी आले, हे सारे सर्व्हरवर उमटते. आपल्या गावात केबलवाला आणि ग्राहक एकमेकांना ओळखतात, एकाच देवळात भेटतात, म्हणून तर ही माहिती अधिकच जपली पाहिजे. उपकरणांची नावे तंत्रज्ञाच्या पडद्यावर येऊच नयेत. तक्रार आल्यावर आणि ग्राहकाने सांगितल्यावरच ती उघडावीत, आणि कोणी उघडली याची नोंद राहावी.

संमतीचा कागद इंग्रजीत देऊन सही घेऊ नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला दिला आहे, आणि त्या अनुसूचीत मराठीही आहे, कन्नडही आहे. कागद दोन्ही भाषांत छापावा आणि ज्याला जी वाचता येते ती त्याने निवडावी. येळ्ळूरच्या एखाद्या आजींना आपल्या घरातले काय बदलणार आहे हे त्यांच्या भाषेत कळणे, हा त्यांचा हक्क आहे असे मी मानतो. कागदावर हेही स्पष्ट लिहावे की मुलांसाठीची बंधने घरच्या वायफायपुरतीच आहेत, मोबाइल डेटावर किंवा फोनमध्ये वेगळा, कूटबद्ध डीएनएस लावल्यास ती लागू पडत नाहीत. पालक यावर विसंबतात, त्यामुळे खोटा भरवसा देऊ नये.

प्रत्यक्ष बदल

हे काम दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीअखेर संपवावे. पावसाळा आणि गणेशोत्सव टाळावा, आणि मार्चपासून दहावीची एसएसएलसी परीक्षा असते तेव्हा कोणाच्या घरी हात घालू नये. पहिल्या खेपेस एकाच गल्लीतली वीसेक घरे घ्यावीत, आणि त्यांत एक झेरॉक्सचे दुकान, कॅमेरे असलेले एक घर, घरून नोकरी करणारे एक घर आणि वृद्ध एकटे राहतात असे एक घर असावे. सगळी सारखी घरे निवडली तर चाचणीतून काही कळत नाही.

प्रत्येक घरी जुन्या मांडणीच्या पानांचे फोटो काढावेत, उघडे पोर्ट आणि हाताने दिलेले पत्ते वहीत उतरवावेत, वायफायचे नाव व पासवर्ड तेच ठेवावेत. जुनी मांडणी ओएलटीवर जपून ठेवावी आणि दहा मिनिटांत परत आणून पाहावी. परत येण्याची वाट आधी चालून पाहिलेली नसेल तर पुढे जाऊ नये.

नव्या मांडणीवर आठवडा गेला की ग्राहकाच्या परवानगीने ओएनटीला येणारी फायबरची पॅच कॉर्ड एक तास काढून ठेवावी. लाल दिवा लागल्यावर संगणकावरून एक पान छापून पाहावे, डीव्हीआरचे चित्र घरातल्या टीव्हीवर येते का ते पाहावे, प्रिंटरची वीज बंद करून पुन्हा चालू करावी आणि पान पुन्हा छापावे, मग आजवर त्या घरात न आलेला एक फोन वायफायला जोडावा. तास संपल्यावर कॉर्ड लावावी आणि कोणत्याही यंत्राला हात न लावता पाच मिनिटांत सगळी मूळ पत्त्यांवर येतात का, हे मोजावे. वीसच्या वीस घरांत हे जमले की पुढच्या गल्लीची यादी करावी.